जखमी शिपायाच्या उशाशी



आपल्यापैकी अनेकांच्या घरात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी आणखी एक तसबीर असते. गणवेशातले आजोबा, काका किंवा थोरला भाऊ. छाती पुढे काढलेली, मिशीला पीळ, टोपीवरचा बिल्ला चमकणारा. बाबासाहेबांचे वडील रामजीबाबा सैन्यात सुभेदार होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हापासून आपल्या कितीतरी मुलांनी ती वर्दी अंगावर घातली. त्या तसबिरीचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. पण त्या तसबिरीत जे दिसत नाही, त्याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. तसबीर काढतात ती भरती झाल्यावर. जखम झाल्यावर कोणी तसबीर काढून भिंतीला लावीत नाही.

मी लहान होतो तेव्हा आमच्या वस्तीत एक निवृत्त शिपाई राहत असत. १९७१ च्या लढाईत त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. वस्ती त्यांना मान देई. म्हणजे चौदा एप्रिलला खुर्चीवर बसवून हार घाली आणि पंधरा एप्रिलपासून त्यांना विसरून जाई. आम्ही पोरे त्यांच्या कुबडीची नक्कल करीत असू. एकदा आम्ही त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही लढाईत किती माणसं मारली?" ते म्हणाले, "हे सगळेच विचारतात रे. रात्री पाय दुखतो का, हे कुणी विचारत नाही." आम्ही खो खो हसलो. जो पाय नाहीच, तो दुखेल कसा?

मोठेपणी वाचनात आले की तो पाय खरोखरच दुखत होता. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या शिपायांवर उपचार करणारे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली या विकाराला नाव दिले. कापून टाकलेला हात किंवा पाय जागेवरच आहे असे त्या माणसाला वाटत राहते. नसलेली बोटे आखडतात, नसलेला तळवा जळतो. बाबा खरे बोलत होते आणि आम्ही अज्ञानाने हसत होतो. आज बाबा हयात नाहीत. तो एक प्रश्न त्यांना विचारण्याची वेळ माझ्या हातून निघून गेली. आजचे हे प्रवचन त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आकडा आणि माणूस

जगात दुःख आहे हे तथागतांनी पहिले आर्यसत्य म्हणून सांगितले. ऐकायला ते सोपे वाटते. स्वतःचे दुःख प्रत्येकाला कळते, परंतु दुसऱ्याचे दुःख दिसावे यासाठी डोळे तयार करावे लागतात. युद्धाच्या बाबतीत तर ते फारच कठीण आहे, कारण युद्धाविषयी आपण जी भाषा ऐकतो तिच्यात जखम झाकलेली असते. आघाडी, विजय, हानी, बलिदान असे शब्द ऐकू येतात. हानी म्हणजे कोणाचा तरी हात, कोणाचे तरी डोळे, हे त्या शब्दात ऐकू येत नाही.

एक आकडा सांगतो. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, एकट्या ब्रिटनच्या ४१,००० हून अधिक शिपायांनी किमान एक हात किंवा पाय गमावला. तुम्ही हा आकडा वाचला आणि पुढच्या ओळीवर आलात. त्यात तुमचा दोष नाही. एकेचाळीस हजार माणसांच्या उशाशी एकाच वेळी कोणाला बसता येत नाही. एकाच माणसाच्या उशाशी बसता येते. युद्धाविषयी ज्यांनी खरी कविता लिहिली त्यांनी हेच ओळखले. त्यांनी आकडा बाजूला ठेवला आणि आपल्याला एका माणसाजवळ नेऊन बसवले.

असा एक कवी म्हणजे विल्फ्रेड ओवेन. त्याचा जन्म १८९३ साली इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी तो एका खेड्यातील पाद्र्याच्या हाताखाली काम करीत होता; तिथे त्याची श्रद्धा डळमळली आणि तो ते काम सोडून फ्रान्समध्ये इंग्रजी शिकवू लागला. १९१५ साली तो सैन्यात भरती झाला आणि पुढे अधिकारी म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेला. तिथे तोफांच्या माऱ्याने त्याच्या मनावर असा आघात झाला की १९१७ च्या जूनमध्ये त्याला एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी इस्पितळात पाठवावे लागले. त्याच इस्पितळात सिग्फ्रिड ससून हा दुसरा कवी आला. ससूनला शौर्यपदक मिळाले होते. तरीही हे युद्ध विनाकारण लांबवले जात आहे, असे जाहीर पत्रक काढण्याचे धैर्य त्याने दाखवले होते. ससूनची एक कविता अशी आहे की पाय गेले, डोळे गेले तरी काय बिघडले, लोक चांगले वागतातच ना, असा वरवर समजुतीचा सूर ती लावते. आणि वाचता वाचता त्या समजुतीचीच आपल्याला लाज वाटू लागते. या ससूनने ओवेनच्या कविता वाचल्या, सुधारणा सुचवल्या आणि जे पाहिलेस तेच लिही, असा धीर दिला.

चाकांच्या खुर्चीतला मुलगा

त्या इस्पितळात असताना ओवेनने 'डिसेबल्ड', म्हणजे 'अपंग', या नावाची कविता लिहिली. मी ती इथे उतरवून देत नाही. तिच्यात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो.

एक तरुण चाकांच्या खुर्चीत बसला आहे. दोन्ही पाय नाहीत, बाही कोपराशी शिवून टाकलेली. संध्याकाळ होत आली आहे. बागेतून खेळणाऱ्या मुलांचे आवाज येतात आणि त्याला ते ऐकवत नाहीत. त्याला जुने दिवस आठवतात. चेंडूच्या सामन्यात मांडीवरून रक्त ओघळले तर त्याला भूषण वाटे, कारण सामना जिंकल्यावर लोक त्याला खांद्यावर घेऊन मिरवीत. अशाच एका सामन्यानंतर, दारूच्या तारेत, मुलींवर छाप पडावी म्हणून तो भरती झाला. वय कमी होते. त्याने खोटे वय सांगितले आणि लिहिणाऱ्यांनी हसत हसत ते लिहून घेतले. ढोल वाजवून त्याला निरोप दिला. परत आला तेव्हा थोड्या लोकांनी जयजयकार केला, पण सामन्यातल्या एका गोलाला होतो तेवढाही तो नव्हता. एक गंभीर चेहऱ्याचा गृहस्थ फळे घेऊन आला, त्याने आभार मानले आणि तुझा आत्मा कसा आहे, अशी विचारपूस केली. आता उरलेली वर्षे सरकारी संस्थेत काढायची, नियम सांगतील तसे वागायचे आणि लोक मापून देतील तेवढी दया घ्यायची. आज संध्याकाळी त्याच्या लक्षात आले की बायकांच्या नजरा त्याच्यावरून सरकून धडधाकट पुरुषांकडे जातात. थंडी वाढली आहे, उशीर झाला आहे, आणि कोणीतरी येऊन आपल्याला उचलून अंथरुणावर का ठेवत नाही, याची तो वाट पाहतो आहे. कविता तिथेच संपते.

बंधूंनो, या कवितेने आपल्या मनात जे हलते ते कशामुळे हलते, याचा शांतपणे विचार करा. कवीने कुठेही रडा असे म्हटलेले नाही. त्याने तोफेचा आवाजही ऐकवलेला नाही. जखम कशी झाली हे तर जवळजवळ सांगितलेलेच नाही. त्याने आपल्याला जखमेनंतरचा वेळ दाखवला. युद्ध काही वर्षांत संपते. खुर्चीतली संध्याकाळ मात्र रोज येते. आधीचा माणूस आणि आताचा माणूस त्याने शेजारी शेजारी ठेवला, आणि मधले अंतर आपल्याला मोजायला लावले. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्याने आपल्याला त्या मुलाच्या जागी बसवून लोकांकडे पाहायला लावले. मग त्या नजरा, ती फळे, तो हारतुरा आपल्यालाच बोचू लागतो. हे वाचताना मला आमच्या वस्तीतले बाबा आठवले आणि चौदा एप्रिलचा तो हार आठवला.

दया आणि करुणा

आता मुद्द्याकडे वळू. त्या कवितेतला मुलगा दयेला कंटाळलेला आहे, आणि तरीही कविता वाचून आपल्या मनात त्याच्याविषयी कळवळा दाटतो. मग दया वाईट की चांगली?

दया म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. आपल्या पूर्वजांना शिळी भाकर मिळत होती, पण ती वरून पदरात टाकली जात होती. टाकणारा पायरीवर उभा असे आणि घेणारा अंगणाबाहेर. देणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या हाताला लागू नये याची काळजी घेतली जात होती. त्या भाकरीने पोट भरले असेल, माणूसपण मात्र मिळाले नाही. जी दया पायरी उतरून खाली येत नाही, तिला आपण करुणा म्हणत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. तिथला दया हा शब्द करुणेच्या अर्थाचा आहे, पायरीवरून टाकलेल्या तुकड्याच्या अर्थाचा नाही. बाबासाहेबांनी धम्म समजावून सांगताना प्रज्ञा आणि करुणा यांची जोडी एकत्र ठेवली. प्रज्ञा नसेल तर करुणा आंधळी होईल, आणि करुणा नसेल तर प्रज्ञा कोरडी राहील.

फळे घेऊन आलेल्या त्या गंभीर गृहस्थाजवळ दया होती. त्याने आत्म्याची चौकशी केली. थंडी वाजते का, हे विचारले नाही. आमच्या बाबांनाही नेमका हाच अनुभव आला होता.

आता फळे नेणाऱ्या दुसऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६२ च्या डिसेंबरात, वॉल्ट व्हिटमन या कवीने वर्तमानपत्रात जखमींची यादी वाचली आणि त्यात आपल्या भावाचे नाव असावे असे त्याला वाटले. तो व्हर्जिनियातील छावणीकडे धावला. भावाला किरकोळ जखम होती. पण तिथे इस्पितळ केलेल्या एका वाड्याबाहेर झाडाखाली कापून टाकलेल्या हातापायांचा ढीग त्याने पाहिला. तो घरी परत गेला नाही. वॉशिंग्टनमध्ये राहून त्याने एका कचेरीत अर्धवेळ नोकरी धरली, आणि उरलेला वेळ तो इस्पितळांत जाऊ लागला. जाताना फळे, तंबाखू, लिहायचे कागद, टपालाची तिकिटे, थोडी चिल्लर नेई. ज्यांना लिहिता येत नव्हते किंवा ज्यांचा हात गेला होता, त्यांची घरी पाठवायची पत्रे तो लिहून देई. मरणाऱ्याचा हात धरून बसे. आपल्या बाजूचा शिपाई आणि बंडखोरांच्या बाजूचा शिपाई असा भेद त्याने केला नाही. त्याच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे त्याने अशा सहाशेहून अधिक फेऱ्या केल्या.

याच व्हिटमनने १८६१ साली, युद्ध सुरू झाले तेव्हा, नगारे वाजवणारी कविता लिहिली होती. इस्पितळ पाहिल्यावर त्याची कविता बदलली. त्याची 'द वूंड ड्रेसर', म्हणजे जखमा बांधणारा, ही कविता अशी आहे: एका म्हाताऱ्याला तरुण मुले विचारतात, बाबा, लढायांच्या आणि शौर्याच्या गोष्टी सांगा. म्हातारा त्यांना लढाई सांगतच नाही. तो त्यांना खाटांच्या रांगांमधून घेऊन जातो. पट्ट्या, पाणी, स्पंज घेऊन तो एकेका खाटेशी गुडघे टेकतो. मागून एकजण बादली घेऊन येतो; ती रक्ताने आणि चिंध्यांनी भरते, रिकामी होते आणि पुन्हा भरते. एका शिपायाचा हात तोडला आहे. त्याने डोळे मिटले आहेत, मान वळवली आहे. आपल्या थोट्या हाताकडे पाहण्याचे धैर्य त्याला अजून झालेले नाही. त्याने अजून पाहिलेले नाही, पण जखम बांधणाऱ्याला पाहावेच लागते, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या आपल्यालाही पाहावे लागते.

शिपायाला बाबा म्हणून शौर्य विचारणारी ती मुले म्हणजे आम्हीच की!

तथागत कोठे बसले होते

उपासक-उपासिकांनो, विनयपिटकातील एक प्रसंग तुम्ही विहारात ऐकला असेल. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तथागत आनंदाला बरोबर घेऊन विहाराची पाहणी करीत असता त्याच्या कुटीशी आले. तुझी शुश्रूषा कोणी करते का, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला की कोणी करीत नाही. कारण विचारले तेव्हा त्याने सांगितले की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत.

या उत्तरावर थोडे थांबा. जो उपयोगाचा राहिला नाही त्याच्याकडे कोणी पाहत नाही, हे तो भिक्खू सांगतो आणि ओवेनच्या कवितेतला मुलगाही तेच सांगतो. दोघांमध्ये सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. लढत होता तोवर शिपाई राष्ट्राच्या उपयोगाचा होता. पाय गेले आणि उपयोग संपला.

तथागतांनी त्या भिक्खूला उपदेश केला नाही. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि बिछान्यावर निजवले. त्यानंतर संघाला एकत्र करून ते बोलले. तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही; तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार, असे त्यांनी विचारले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही सांगितले. शुश्रूषा करणाऱ्याचे गुण त्यांनी मोजून सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळावे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने त्याने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना त्याला किळस येऊ नये, आणि धम्माच्या गोष्टी सांगून त्याला आजाऱ्याचे मन प्रसन्न करता यावे. बघा, यात औषधही आहे आणि शब्दही आहे. चांगली कविता शब्दाचे काम करते. बादली उचलण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते.

कोणाच्या जखमेवर कविता होते

इथे एक कटू सत्य सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याच पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशात गेली. फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी इंग्लंडमधील ब्रायटन येथील राजवाड्यात १९१४ च्या डिसेंबरात इस्पितळ उघडले. तिथे जातीधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरे होती. प्रत्येक दालनात पाण्याचे दोन नळ होते, एक हिंदूंसाठी आणि एक मुसलमानांसाठी. एकाच तोफगोळ्याने जखमी झालेली माणसे समुद्रापार जाऊनही एका नळाचे पाणी पीत नव्हती.

ब्रॉकनहर्स्ट या इंग्लंडमधील गावीही हिंदी जखमींसाठी इस्पितळ होते. तिथे सुखा नावाचा एक झाडूवाला होता, मूळचा बरेलीचा. १२ जानेवारी १९१५ रोजी तो परक्या मुलखात मरण पावला. त्याच्याविषयी तिथे अशी हकीकत सांगतात की त्याला हिंदूंनी आपल्या अग्नीत घेतले नाही आणि मुसलमानांनी आपल्या मातीत घेतले नाही. शेवटी त्या गावच्या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली, आणि गावकऱ्यांनी त्याच्या नावाचा दगड उभारला. तो ख्रिस्ती नव्हता, हे त्या दगडावरच नोंदवले आहे. तो दगड आजही तिथे आहे.

जखमींचे रक्त पुसणाऱ्या, त्यांच्या बादल्या उचलणाऱ्या या माणसाच्या वाट्याला मोठ्या कवीची कविता आली नाही. शोक कोणासाठी करायचा, हेही समाजाने ठरवून ठेवलेले असते. म्हणून धम्माच्या मार्गावर नव्याने आलेल्या आपण स्वतःला बजावले पाहिजे की आपली करुणा आपल्याच माणसांपाशी थांबता कामा नये. ज्यांच्यासाठी कोणी रडले नाही त्यांची आपण मुले आहोत. तेव्हा कोणाला वगळायचे याची यादी आपल्याजवळ नसावी.

या यादीतून शत्रूलाही खोडावे लागते. ओवेनची 'स्ट्रेंज मीटिंग' ही कविता हेच करते. एक शिपाई स्वप्नासारख्या एका खोल भुयारात उतरतो. तिथे त्याला एक माणूस भेटतो. तो माणूस आपल्या वाया गेलेल्या आशा सांगतो, आणि शेवटी कळते की काल याच शिपायाने त्याला ठार केले आहे. तरी तो त्याला मित्र म्हणून हाक मारतो. सम्राट अशोकाने कलिंगयुद्धानंतर तेराव्या शिलालेखात एक लाख माणसे मारली गेल्याचे आणि दीड लाख माणसे पकडून नेल्याचे कोरून ठेवले. ती सगळी त्याची शत्रूच होती. मेलेल्यांवर तो थांबला नाही. ज्यांचे आप्त संकटात सापडले त्या घरातल्यांचे दुःखही त्याने त्यात मोजले. जिंकलेल्या राजाने हरलेल्यांचे दुःख दगडावर लिहावे, असे जगाच्या इतिहासात फार क्वचित घडले आहे.

अश्रूंशी थांबू नका

कोणी म्हणेल, असल्या रडक्या कविता कशाला? डब्ल्यू. बी. येट्स या मोठ्या आयरिश कवीनेही १९३६ साली आधुनिक कवितांचा संग्रह काढताना ओवेनला वगळले; निमूट सोसणे हा कवितेचा विषय होऊ शकत नाही, असे त्याचे मत होते. हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. आपल्या लेखकांनी गावकुसाबाहेरचे दुःख लिहिले, १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हाही हे साहित्य आहे काय, असा सवाल झाला. दुःख असेल तर ते सांगितलेच पाहिजे. वैद्य रोगाचे नावच घेणार नसेल तर औषध कशावर देणार?

तरीही या आक्षेपात एक इशारा आहे आणि तो घेतला पाहिजे. आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमग्गात सांगितले आहे की करुणेचे दोन वैरी आहेत. दूरचा वैरी क्रौर्य. तो सहज ओळखू येतो. जवळचा वैरी शोक. तो करुणेसारखाच दिसतो म्हणून फसवतो. जखमी शिपायाची कविता वाचून डोळे पुसले, मन हलके झाले आणि आपण झोपी गेलो, तर ती करुणा नव्हती. तो आपल्याच मनाचा एक चाळा होता. ओवेनकडे पाहा. तो बरा होऊन १९१८ साली पुन्हा आघाडीवर गेला. शिपायांना जमेल तेवढे सांभाळावे आणि त्यांचे हाल पाहून ते जगाला सांगावेत, असे त्याने आईला कळवले होते. त्याने स्वतः शस्त्र चालवले, त्याबद्दल त्याला पदकही मिळाले. आपण निर्दोष आहोत असा आव त्याने आणला नाही. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी ओर्स गावाजवळ कालवा ओलांडताना तो मारला गेला. वय पंचवीस. युद्ध थांबल्याच्या घंटा ११ नोव्हेंबरला त्याच्या गावी वाजत होत्या, त्याच दिवशी त्याच्या मृत्यूची तार घरी पोहोचली. पुढे १९२० साली त्याच्या आईने रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून कळवले की शेवटचा निरोप घेताना माझ्या मुलाने तुमच्या शब्दांतच निरोप घेतला होता, आणि तेच शब्द त्याच्या टिपणवहीत सापडले. त्याने आपल्या संग्रहासाठी एक छोटी प्रस्तावना लिहून ठेवली होती. वीरांचा गौरव बाजूला सारून, युद्ध पाहताना मनात दाटणारी करुणा हाच त्याने तिच्यात आपला विषय मानला आहे.

आपण काय करायचे

प्रवचन ऐकून घरी जाताना हातात काही काम असावे, म्हणून तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, विचारा. तुमच्या वस्तीत लढाईतून, गिरणीतून, खाणीतून किंवा बांधकामावरून हातपाय गमावून आलेला माणूस असेल. तो कसा लढला, कसा पडला हे विचारण्याआधी, आज दुखते का, रात्री झोप लागते का, हे विचारा. आणि विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत बसा.

दुसरी गोष्ट, उचला. घरातल्या आजाऱ्याचे भांडे उचलणे हे बायकांचे काम, असे आपल्यातले पुष्कळ पुरुष अजून समजतात. दीक्षा घेतली, तसबिरी बदलल्या, पण ही समजूत बदलली नाही. त्या भिक्खूचे अंग धुताना पाणी स्वतः तथागतांनी ओतले होते, हे ध्यानात ठेवा. त्यांच्या हाताला जे काम कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या हाताला कमीपणाचे कसे?

तिसरी गोष्ट, मुलांना शिकवा. रविवारी वंदना झाल्यावर मुलांना विहारात थोडा वेळ बसवा आणि एखाद्या जखमी माणसाची खरी हकीकत वाचून दाखवा. शौर्याच्या गोष्टीही सांगा. आपल्या माणसांनी शौर्य गाजवले आहे. पण गोष्ट विजयाच्या ढोलाशी संपवू नका, खाटेपर्यंत घेऊन जा. वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी विहारात ठेवा आणि दर रविवारी दोन मुलांना एकेका घरी पाठवा. ती वर्तमानपत्र वाचून दाखवतील, चिठ्ठी लिहून देतील, पाणी भरून ठेवतील.

आमच्या वस्तीतल्या बाबांची कुबडी पुष्कळ दिवस त्यांच्या दाराशी टेकून ठेवलेली होती. मी तिच्यावरून कितीदा तरी गेलो असेन. तुमच्या वस्तीत असे बाबा अजून हयात असतील. आज रात्री त्यांच्याकडे जा, आणि मी विचारला नाही तो प्रश्न विचारा.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय. जयभीम.